आठ नंबरच्या खोलीची नोंदवही

हेडमास्तरांनी सोमवारी सकाळी दहा मिनिटं दिली होती. त्यातलं एक मिनिट त्यांनी चष्मा पुसण्यात घालवलं.

"बसा," ते म्हणाले.

"उभेच बरे आहोत, सर," थोरला म्हणाला.

सभागृहाच्या सदस्यांच्या कचेऱ्यांचे उंबरे झिजवायला लागून थोरल्याला पाच महिने झाले होते. तेवढ्यात तो एक गोष्ट शिकला होता. बसलं की चहा येतो, चहा आला की हवापाण्याच्या गप्पा निघतात आणि कप रिकामा झाला की भेट संपते. उभ्या माणसाला निदान काय हवंय ते विचारावं तरी लागतं.

त्याला हवं होतं ते एका ओळीचं होतं. त्याच्या भावाला फाशी होऊ नये. घरात सगळे त्या भावाला धाकटाच म्हणत. थोरल्याचं खुर्च्या-सोफ्यांना नवं कापड चढवायचं दुकान होतं, आणि नऊ वर्षांपूर्वी पाण्याचा मीटर बघायला आलेल्या माणसाला धाकट्याने त्याच दुकानातल्या हातोडीने मारलं होतं. तो माणूस मीटरमधून आपल्या जबड्यात तार सोडायला आलाय, अशी त्याची खात्री झाली होती. खटल्यात आजाराचा विषय निघाला. पण आधीचा एकही डॉक्टरी कागद नव्हता आणि कागद नाही तर आजार नाही, असं न्यायालयाने धरलं. दयेचा अर्ज फेटाळला गेला होता. चालू अधिवेशन संपेपर्यंत फाशीची तारीख ठरवणार नाही, एवढं सरकारने कबूल केलं होतं. अधिवेशन संपायला अठरा दिवस उरले होते.

थोरल्याबरोबर सिस्टर होत्या. तुरुंगाच्या दवाखान्यात एकतीस वर्षं नर्सची नोकरी करून त्या तीन वर्षांपूर्वी निवृत्त झाल्या होत्या. शेवटची चार वर्षं फाशीच्या कैद्यांच्या भागात दिवसपाळी त्यांच्याकडे होती आणि त्या भागात आठ नंबरच्या खोलीत धाकटा होता. निवृत्तीनंतर त्या आपण होऊन दुकानात आल्या आणि म्हणाल्या, "तुमचा भाऊ आजारी आहे. हे मी कुठंही येऊन सांगीन." तेव्हापासून दोघं बरोबर फिरत होते.

गंभीर मानसिक आजार असलेल्या माणसाला मृत्युदंड देता येणार नाही, असं विधेयक सभागृहापुढे होतं. ते मांडणाऱ्या सदस्यबाई पेशाने वकील होत्या. त्यांना सगळे वकीलबाईच म्हणत. विधेयकाला सात कलमं होती आणि त्यातलं चौथं सिस्टरांनी सुचवलेलं होतं. आजार आहे की नाही हे ठरवताना तुरुंगाच्या दवाखान्यातल्या नोंदी पुरावा म्हणून धराव्यात, असं ते कलम. "डॉक्टरांशी लोक वाद घालतात. सरकारी वहीशी कोणी घालत नाही," असं त्या म्हणाल्या होत्या, आणि ते सगळ्यांना पटलं होतं.

शाळेतून निवृत्त होऊन सदस्य झालेले हेडमास्तर विधेयकाच्या समितीवर होते. समिती नऊ जणांची. चार बाजूने, चार विरुद्ध, नववे हे.

"तुमचं चौथं कलम वाचलं," ते म्हणाले. "म्हटलं, नोंदी धरायच्या तर आधी बघून घेऊ. तुरुंगाकडून मागवल्या. चार वर्षांच्या." त्यांनी टेबलावरच्या गठ्ठ्यातली वरची वही उघडली. "'शांत. जेवला. तक्रार नाही.'" पान उलटलं. "'शांत. जेवला. तक्रार नाही.' पुढे वाचू?"

"नको, सर," सिस्टर म्हणाल्या.

"सही कुणाची आहे?"

"माझी."

"तुमच्या सहीच्या बाराशे सहा नोंदी आहेत. मोजल्या मी. बाराशे सहा दिवसांत हा गृहस्थ एक दिवसही अशांत नाही. बाई, मी चाळीस वर्षं शाळेत काढली. इतका शांत तर मी स्वतः नव्हतो."

थोरल्याला हसू आलं. ते त्याने गिळलं.

"तुम्ही इथे येऊन सांगता, तो भिंतीशी बोलायचा, स्वतःला मारून घ्यायचा. वही सांगते, जेवला. तुमच्याच कलमाने तुमचा माणूस ठणठणीत ठरतो. गुरुवारी समिती आहे. मी कळवळ्यावर मत देत नाही, कागदावर देतो." त्यांनी वही मिटली. "मेलेल्या माणसाला दोन मुली होत्या. ते तुमच्या निवेदनात आहे का?"

"आहे, सर," थोरला म्हणाला. "पहिल्याच पानावर. दोघींच्या वयासकट."

"बघितलं मी. म्हणून तर दहा मिनिटं दिली. या नोंदींच्या प्रती घेऊन जा. गुरुवारपर्यंत काही सांगण्यासारखं असलं तर समितीत येऊन सांगा. इथे नको."

बाहेरच्या जिन्यावर सिस्टर कठड्याला धरून थांबल्या. "थोरले," त्या म्हणाल्या, "ते गठ्ठे द्या इकडे."

"तुम्ही जिना बघा. गठ्ठे मी आणतो."

दुकानात एक तीन माणसांचा सोफा उलटा पडला होता. त्याच्या पट्ट्या कापून काढलेल्या, स्प्रिंगा उघड्या. थोरल्याने कापायच्या टेबलावरचं कापड बाजूला सारलं आणि प्रती मांडल्या. मग फळीवरून भेटीच्या पासांची माळ काढली. नऊ वर्षांत धाकट्याला भेटायला गेल्याचा एकूण एक पास त्याने दाभणाने जाड दोऱ्यात ओवून ठेवला होता, तारखेवार. कारकून म्हणतो 'तुम्ही तर येतच नव्हता' तेव्हा दाखवायला कामी येतात, असं त्याचं म्हणणं.

"मी गेलो त्या दिवसांचं तरी बघू," तो म्हणाला. "मी गेलो तेव्हा तो काय करत होता, हे मला आठवतं. तुम्ही वाचा, मी सांगतो."

असा तासभर गेला. सिस्टर 'शांत' वाचायच्या आणि थोरला सांगायचा: त्या दिवशी ओळखलंच नाही मला. त्या दिवशी कान कागदाने बुजवले होते. सिस्टर पेन्सिलीने खुणा करत होत्या. पण त्या दोघांनाही कळत होतं की ही भावाची साक्ष झाली, आणि भावाची साक्ष काय किमतीची असते ते न्यायालयाने एकदा दाखवलं होतं.

मग माळेत अकरा गुलाबी पास आले. बाकीचे सगळे पांढरे होते.

"तिसरं वही काढा," थोरला म्हणाला. घाईत त्याचं बोलणं अडखळलं. "तिसरी. या पासावरच्या महिन्याची बारा तारीख. काय आहे?"

"शांत. जेवला. तक्रार नाही."

"तेरा?"

"तेच."

"बावीसपर्यंत बघा."

सिस्टरांनी बोट खाली नेलं. "तेच."

"बारा ते बावीस धाकटा तुरुंगात नव्हता." त्याने गुलाबी पास टेबलावर पसरले. "मोठं इस्पितळ, तिसरा मजला, हाडांचा विभाग. जबड्यात बसून कोण बोलतंय त्याला बाहेर काढायचं म्हणून याने बेसिनच्या कडेवर जबडा आपटला. दोन ठिकाणी मोडला. वरचे-खालचे दात तारेने एकत्र बांधले होते. एक हात पलंगाला बेडीत. मी रोज नळीने दूध पाजत होतो, सिस्टर. नळीने. आणि तुम्ही इथे लिहिलंय, जेवला."

सिस्टरांनी पेन्सिल खाली ठेवली.

"आम्ही आठवडाभराचं रविवारीच लिहून ठेवायचो," त्या म्हणाल्या. "सोमवारी तपासणी असायची. पानं भरलेली दिसली की साहेब पुढे जायचे. सगळ्या तुरुंगातल्या तीनशे कैद्यांना आम्ही दोघी."

"आगाऊ लिहायचात?"

"आगाऊ. 'अशांत' लिहिलं की पिवळा फॉर्म. पिवळा फॉर्म भरला की डॉक्टर बोलवायचा आणि दुसऱ्या दिवशी बारापर्यंत अधीक्षकांना खुलासा. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे, तेही आले तर. सुरुवातीला मी चार फॉर्म भरले होते. चारही परत आले. त्यानंतर कोणीच अशांत नव्हतं."

"एक आठवडा आगाऊ, ते समजलं. हे अकरा दिवस आहेत. दुसरा रविवार मध्ये येतो. तेव्हा खोली रिकामी होती."

"हो."

"मग?"

"मला माहीत नव्हतं." त्यांनी मान वर केली. "मी आठ नंबरपर्यंत गेलेच नव्हते. सात नंबरपाशी वळायचे. तो गजांशी उभा राहून ओरडायचा आणि मला भीती वाटायची. शिपाई औषध आत सरकवायचा. तो परत आला, तोंडाला तारा, तेव्हा मी वही उघडून बघितली. खाडाखोड केली असती तर चौकशी लागली असती. मिटून ठेवली."

"आणि वरून चौथं कलम सुचवलंत. वहीच पुरावा धरा म्हणून."

"वही म्हटलं की मला तिचा मान आठवला. आत काय लिहिलंय, ते मी मनातून कधीच काढून टाकलं होतं."

"मग माझ्या दुकानात कशाला आलात तेव्हा?"

"त्याच भीतीची लाज वाटत होती, म्हणून आले."

थोरल्याने मूठभर बारीक खिळे उचलून ओठांत धरले आणि सोफ्याला पट्टी ठोकायला बसला. गादीकाम करणारे खिळे तोंडात धरतात, कारण दोन्ही हात गुंतलेले असतात. पण त्या दिवशी सिस्टरांना कळलं की त्याचा दुसराही एक उपयोग आहे: तोंडात खिळे असले की माणसाला बोलता येत नाही. पाऊण तास तो ठोकत राहिला. त्या उठून गेल्या नाहीत.

शेवटचा खिळा संपल्यावर तो म्हणाला, "आम्हीही शेजारपाजारी सांगायचो, धाकटा जरा हळवा आहे. आईला चारचौघांत बोललेलं चालायचं नाही. तेव्हाच डॉक्टरकडे नेला असता तर एक कागद झाला असता. तो मीटरवालाही आज असता."

सिस्टर टेबलावरचे गुलाबी पास गोळा करू लागल्या.

"याचा अर्थ तुम्हाला माफ केलं असा नाही," तो म्हणाला.

"माफी मी मागितलीच नाही," त्या म्हणाल्या. "हे गुरुवारी समितीत सांगायचं."

"सांगितलंत तर तुमच्या शब्दाला कोण भीक घालणार?"

"माझा शब्द धरूच नये. वहीही धरू नये. माझी वही खोटी निघाली तर त्यांना बाहेरचे डॉक्टर पाठवून धाकट्याला तपासावंच लागेल. तेवढंच तर आपल्याला हवंय."

मंगळवारी त्या वकीलबाईंकडे गेल्या. वकीलबाईंच्या कचेरीत फायलींनी तीनही खुर्च्या अडवल्या होत्या, त्यामुळे उभं राहण्याचा प्रश्न आपोआप सुटला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मधे एकदाही पेन उचललं नाही.

"सिस्टर, माझ्याकडे एकच साक्षीदार आहे आणि ती मला सांगतेय की ती खोटं लिहायची."

"हो."

"सरकारी वहीत खोटी नोंद करणं हा गुन्हा आहे. वकील म्हणून सांगते, तोंड उघडू नका."

"आणि सदस्य म्हणून?"

"सदस्य म्हणून मला पाचवं मत हवंय." वकीलबाईंनी कपाळ चोळलं. "चौथं कलम गुपचूप काढून टाकलं तर?"

"का काढलं, असं हेडमास्तर विचारतील."

"विचारतील. त्यांना न विचारता झोपच लागत नाही. इस्पितळाचे कागद?"

"काल थोरले जाऊन आले," सिस्टर म्हणाल्या. "पाच वर्षांनी नष्ट करतात. ही गोष्ट सहा वर्षांपूर्वीची."

"मग राहिले भावाच्या हातातले पास. विरोधक म्हणतील, पास कुठंही छापून मिळतात."

"तुरुंगाच्या फाटकावरची वही मागवा. कोणता कैदी किती वाजता बाहेर गेला, किती वाजता आत आला. ती वही कोणी आगाऊ लिहीत नाही. एक डोकं कमी भरलं तर फाटकावरच्याची नोकरी जाते. ती कायमची ठेवतात."

वकीलबाईंनी आता पेन उचललं. "तुमच्याबरोबर दुसरी नर्स होती ना?"

"ती अजून नोकरीत आहे. तिच्या सह्यांचं तिने बघावं. मी माझ्या सह्यांचं सांगणार."

घरी सिस्टरांचे यजमान लिफ्टची जुनी मोटर उघडून बसले होते. आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या, आता निवृत्तीत मोटरी गोळा करत होते. त्यांनी सगळं ऐकलं आणि स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"तुरुंगात घालतील का गं तुला?"

"चौकशी तर नक्की लागेल. पुढचं माहीत नाही."

"घातलं तर निदान ओळखीची माणसं भेटतील." त्यांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं. "मला हसू येत नाहीये. तोंडातून निघून गेलं."

"निघू दे," त्या म्हणाल्या. "गुरुवारी मला सोडायला येशील का? एकटीने सभागृहाच्या फाटकातून आत जायला पाय उचलणार नाहीत."

"येतो."

समितीची खोली दुसऱ्या मजल्यावर होती. घोड्याच्या नालेसारखं टेबल, नऊ माइक, त्यातले दोन बंद. भिंतीशी बाहेरच्या लोकांसाठी दोन बाकं. थोरला पहिल्या बाकावर बसला आणि सवयीने सदस्यांच्या खुर्च्या बघू लागला. कापड चांगलं होतं, पण कोपरे ओढून घेतलेले नव्हते. दोन वर्षांत फाटतील, असं त्याने मनात म्हटलं आणि मग स्वतःलाच रागावला.

अध्यक्षांनी सिस्टरांना बोलायला सांगितलं. त्यांनी कागद आणला नव्हता. सहा मिनिटं त्या बोलल्या. आगाऊ लिहिण्याची पद्धत, पिवळा फॉर्म, परत आलेले चार फॉर्म, सात नंबरपाशी वळणं, बारा ते बावीस. भीती वाटायची हेही सांगितलं. चौथं कलम आपणच सुचवलं होतं आणि ती आपली चूक होती, हे शेवटी सांगितलं.

विरुद्ध बाजूचे एक सदस्य पूर्वी फौजदार होते. त्यांनी माइक जवळ ओढला.

"म्हणजे बाई, एकतीस वर्षं तुम्ही खोटं लिहिलंत आणि आज एकाएकी खरं बोलताय?"

"एकतीस वर्षं नाही, साहेब. चार वर्षं, या वह्यांत. आधीच्या वह्या तुम्ही तपासा."

"आज खरं बोलताय, याला पुरावा काय?"

"काहीच नाही. म्हणून माझ्यावर विश्वास ठेवूच नका. फाटकावरची वही बघा."

"उद्या प्रत्येक कैदी म्हणेल, माझी नोंद खोटी. मग सरकारने चालायचं कशावर?"

"तपासून चालायचं, साहेब. मी तपासलं नव्हतं."

फौजदार मागे टेकले. त्यांच्या चेहऱ्यावर राग नव्हता. इतकी वर्षं आरोपींशी बोलून काढलेल्या माणसाला, न मारता कबूल करणारा माणूस नेमका कुठे ठेवायचा ते कळत नव्हतं.

फाटकावरची वही वकीलबाईंनी मंगळवारीच मागवली होती. तुरुंगाचा कारकून ती कापडात गुंडाळून घेऊन आला होता आणि क्षणभरही हातातून सोडायला तयार नव्हता. शेवटी तो स्वतःच अध्यक्षांच्या शेजारी उभा राहिला आणि पानं उलटली. अध्यक्षांनी मोठ्याने वाचलं. बारा तारीख, सकाळी सहा चाळीस, आठ नंबर बाहेर, दोन पहारेकरी, इस्पितळ. बावीस तारीख, दुपारी सव्वातीन, आठ नंबर आत.

बंद माइकवाल्या एका सदस्याने काहीतरी विचारलं, ते कुणालाच ऐकू आलं नाही.

मग हेडमास्तर बोलले.

"बाई, बाराशे सहातून अकरा गेले. अकराशे पंच्याण्णव उरले. त्यातले खरे किती?"

थोरल्याला वाटलं, इथे त्या 'एकही नाही' म्हणतील. म्हणाव्यात, असंही त्याला वाटलं. तेवढं म्हटलं असतं तर काम सोपं झालं असतं.

"मला माहीत नाही, सर," सिस्टर म्हणाल्या. "काही खरे असतील. काही दिवस तो खरोखर शांत असेल, जेवलाही असेल. पण कोणते, ते मी सांगू शकत नाही. मी बघितलं नव्हतं."

हेडमास्तरांनी चष्मा काढला. "शाळेत शिक्षक आठवड्याची हजेरी एकदम भरायचे. शाई एक, अक्षराचा कल एक, आणि सातव्या ओळीला हात थकलेला. या वह्या उघडल्या तेव्हा पहिल्या पानावरच मला ते दिसलं होतं. पण तो माझा अंदाज होता. जिची सही आहे तिने सांगितल्याशिवाय त्याचा पुरावा होत नाही." त्यांनी समोरच्या कागदावर काहीतरी खोडलं आणि वर लिहिलं. "माझी दुरुस्ती आहे. चौथं कलम रद्द. त्याजागी: तुरुंग खात्याबाहेरचे दोन मनोविकारतज्ज्ञ कैद्याला प्रत्यक्ष, किमान तीन वेळा तपासतील. तुरुंगाची रोजची नोंद हा एकटा पुरावा बाजूने धरायचा नाही आणि विरुद्धही नाही. आधी शिक्षा झालेल्यांनाही हे लागू."

दुरुस्तीसह विधेयकावर मतदान झालं. पाच विरुद्ध चार. विधेयक सभागृहाकडे गेलं.

"माझा आणखी एक ठराव आहे," हेडमास्तर म्हणाले. "या बाईंनी कबूल केलेल्या खोट्या नोंदींची खात्याने रीतसर चौकशी करावी."

या ठरावावर नऊच्या नऊ हात वर झाले. वकीलबाईंचाही झाला. तो त्यांनी सगळ्यात शेवटी आणि खाली बघत वर केला.

बाहेरच्या बोळात थोरल्याने हेडमास्तरांना गाठलं. या वेळी कोणी दहा मिनिटं दिलेली नव्हती.

"सर, सोमवारीच तुम्हाला कळलं होतं. मग आम्हाला का फिरवलंत?"

"मी बोललो असतो तर फौजदारांनी मला विचारलं असतं, तुम्ही हस्ताक्षरतज्ज्ञ आहात का? आणि मी नाही."

"आणि त्या बोलल्या नसत्या तर?"

"मी विरुद्ध मत दिलं असतं," हेडमास्तर म्हणाले. त्यात त्यांना काही लपवण्यासारखं वाटलं नाही. "सभागृहात दोनशे दहा सदस्य आहेत. माझ्या गटातले सोळा. त्यांच्याशी मी बोलेन, पण तुमची वकिली करणार नाही. काय झालं ते सांगेन."

ते गेले. सिस्टर बाकावर बसल्या होत्या. शेजारी त्यांचे यजमान, हातात त्यांची पर्स. थोरला समोर जाऊन उभा राहिला.

"नोटीस कधी येईल?" त्याने विचारलं.

"आठवड्यात येईल, असं वकीलबाई म्हणाल्या."

"म्हणजे आपल्या हातात आठवडा आहे. नंतर तुम्हाला आत घेताना लोक दहादा विचार करतील."

"नंतरही येईन. घेऊ दे नाहीतर नको घेऊ दे."

थोरल्याने खिशातून यादी काढली. समितीचे नऊ वजा करून दोनशे एक नावं, मजल्यांप्रमाणे लावलेली. दोन भाग करायला त्याने ती मधोमध दुमडली, आणि मग फाडलीच नाही.

"दोघांनी वेगवेगळं फिरलो तर दुप्पट होतील," सिस्टर म्हणाल्या.

"होतील. पण मी एकटा गेलो तर भाऊ भावासाठी रडतो असं म्हणतील. तुम्ही एकट्या गेलात तर ऐकून घेणारा विचारेल, खोटं लिहिणारी बाई हीच का? दोघं गेलो की दोन्ही प्रश्न तिथल्या तिथे निघतील." तो थांबला. "माझा राग आहे तुमच्यावर. तो जाणार नाही."

"असू दे की. मी कुठं घालवायला सांगितलाय?"

"फक्त सांगून ठेवलं."

यजमानांनी पर्स तिच्या हातात दिली. "तिसऱ्या मजल्यावरची लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकते," ते म्हणाले. "आवाजावरून सांगतो. जिन्याने जा."

जिन्याने जायला सिस्टरांना सहा मिनिटं लागली. पहिली कचेरी उजव्या हाताची होती. सदस्य तरुण होते, शर्टाच्या बाह्या वर केलेल्या, फोनवर कुणाला तरी दोन मिनिटांत सांगतो म्हणत होते. स्वीय सहायकाने दारातच अडवलं.

"कशासाठी भेटायचंय?"

थोरल्याने तोंड उघडलं, पण सिस्टर आधी बोलल्या.

"मी तुरुंगाच्या दवाखान्यात नर्स होते. माझ्याविरुद्ध आज समितीने चौकशी लावली आहे आणि ती बरोबर आहे. ती का लावली, एवढं साहेबांना सांगायचंय. मग हे आपल्या भावाचं सांगतील."

स्वीय सहायकाने एकदा त्यांच्याकडे, एकदा थोरल्याकडे बघितलं. तो आत गेला. फोन बंद झाल्याचा आवाज आला.

"या," आतून कोणीतरी म्हणालं. "दोघंही या."